अखंड आणि नित्य

शाळेत इंग्रजी शिकविण्यात आमची तेहतीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या वह्यांवर जी लाल शाई आम्ही खर्च केली, तिच्यातील बराच वाटा दोन शब्दांच्या वाट्याला गेला असेल. ते शब्द म्हणजे 'कंटिन्युअस' आणि 'कंटिन्युअल'. दिसायला जुळी भावंडे, अर्थही वरकरणी एकच. त्यामुळे मुले एकाच्या जागी दुसरा बेधडक लिहीत आणि आम्ही तितक्याच बेधडकपणे तो खोडीत असू.

वसई रोडहून मुंबईला आम्ही रोज लोकलने जात असू, त्यामुळे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नसे. विरारपासून चर्चगेटपर्यंत गेलेला लोहमार्ग 'कंटिन्युअस' आणि त्यावरून दर काही मिनिटांनी धावणाऱ्या गाड्या 'कंटिन्युअल'. रुळात वीतभर खंड पडला तरी अनर्थ होईल. गाड्यांत मात्र खंड असतोच. किंबहुना दोन गाड्यांत अंतर असते म्हणूनच त्या सुखरूप धावतात. एवढे सांगितले की वर्गातील बहुतेक माना डोलत.

हेन्री फाउलर या इंग्रज भाषापंडिताने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात या जोडीविषयी मोठी मार्मिक नोंद केली आहे. त्याचा आशय असा की, 'कंटिन्युअस'मध्ये आरंभापासून शेवटापर्यंत खंड नसतो. पण तो शेवट फार लांब असला पाहिजे असे मुळीच नाही. 'कंटिन्युअल' मात्र थोड्या थोड्या अवकाशाने पुन्हा पुन्हा येत राहते आणि त्याला शेवट आहे असे वाटतच नाही. शाळेतील पाऊण तासाची तासिका अखंड असू शकते, पण घंटा झाली की ती संपते. उलट रोज सकाळी वाजणारी शाळेची घंटा मधल्या काळात गप्प असते, तरीही ती पिढ्यान् पिढ्या वाजतच राहते. हे वाचले तेव्हा आम्हांला केवळ एक व्याकरणाची बारकी खुबी सापडल्याचा आनंद झाला. तिचा आपल्या घराशी काही संबंध येईल असे त्या वेळी वाटले नव्हते.

या दोन शब्दांचा गोतावळा मोठा आहे. 'इन्सेसंट' हा शब्द थांबणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाला नकार जोडून झाला. तो बहुधा नकोशा गोष्टींसाठी येतो, जसे की गोंगाट, बडबड, दातदुखी. 'पेरेनिअल'च्या पोटात वर्ष या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बारमाही वाहणाऱ्या झऱ्यासाठी तो शोभतो आणि आपला 'बारमाही' हा शब्द त्याचा सख्खा भाऊच म्हणावा. 'कॉन्स्टंट'मध्ये उभे राहण्याची, न ढळण्याची कल्पना आहे. 'पर्पेच्युअल'मध्ये एखाद्या लक्ष्याच्या दिशेने शेवटपर्यंत जात राहण्याची कल्पना आहे. 'इटर्नल' हा शब्द युगवाचक आहे. मृतांसाठी आपण जी छोटी प्रार्थना करतो तिच्या इंग्रजी पाठात शांतीला 'इटर्नल' म्हटले आहे आणि प्रकाशाला 'पर्पेच्युअल'. विश्रांती ही कालातीत; प्रकाश मात्र वाटचाल करणाऱ्याच्या सोबतीला.

आपली मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. 'अखंड' म्हणजे तुकडा न पडलेले, 'अविरत' म्हणजे विराम नसलेले, 'निरंतर' म्हणजे मध्ये अंतर नसलेले. दुसऱ्या बाजूला 'नित्य' आहे. नित्यनेमाने करावयाचे काम दिवसभर चालत नाही, ते रोज केले जाते. आणि 'संतत' हा शब्द तर विलक्षणच! ताणणे, लांबवणे या अर्थाच्या 'तन्' या संस्कृत धातूपासून तो आला आणि त्याच धातूपासून 'संतती'ही आली. आषाढातील संततधार आणि घरातील लेकरे ही भाषेच्या दृष्टीने एकाच धाग्याची ताणलेली टोके आहेत. आपला धागा पुढे कोण नेणार, ही आईबापांची चिंता या शब्दातच विणलेली आहे.

असो. शब्दांच्या या खेळात आम्ही स्वतःला तरबेज समजत होतो. आणि एके दिवशी नववीच्या वर्गातील एका मुलीने हात वर केला.

"सर, संत पौलाने न थांबता प्रार्थना करायला सांगितली आहे. ती 'कंटिन्युअस' की 'कंटिन्युअल'?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "पुढच्या तासाला सांगतो." तो पुढचा तास कधी आला नाही. मुलगी शाळा सोडून गेली. प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला.

उत्तर शोधण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही असे नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा उपदेश आहे. तेथे जे ग्रीक क्रियाविशेषण आहे त्याचा अर्थ 'मध्ये फट न सोडता' असा होतो. आपल्या 'निरंतर'शी ते तंतोतंत जुळते. म्हणजे शब्दाचा कौल 'कंटिन्युअस'कडे. परंतु लिहिणाऱ्याचे आयुष्य काय सांगते? संत पौल तंबू शिवण्याचा धंदा करीत होता, वादविवाद करीत होता, तुरुंगात जात होता, गलबत फुटून समुद्रात पडत होता, आणि इतर माणसांप्रमाणे झोपतही होताच. त्याच्या दिवसाला फटी नव्हत्या असे कोण म्हणेल?

जुना करार उघडला तेव्हा कोडे आणखी वाढले. निर्गमच्या एकोणतिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना रोज एक कोकरू सकाळी व एक संध्याकाळी अर्पण करण्याची आज्ञा आहे. या अर्पणाला हिब्रू भाषेत 'तामीद' म्हणतात आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याला 'कंटिन्युअल' हेच विशेषण लावले आहे. दिवसातून अवघे दोन वेळा होणारे, तरीही देवाच्या हिशेबी न थांबणारे! त्याआधी सत्ताविसाव्या अध्यायात सदैव तेवत ठेवायच्या दिव्याची आज्ञा आहे. तेथेही शब्द 'तामीद'च. आणि लगेच पुढच्या ओवीत तो दिवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळावा असे सांगितले आहे. मग सदैव म्हणजे किती?

एवढ्यावर आम्ही पुस्तके मिटली. याच सुमारास आमच्या घरात एक खंड पडत होता, आणि त्याकडे पाहण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

आमच्या आईचा नेम असा होता की, संध्याकाळची त्रिकाळ प्रार्थनेची घंटा झाली की हातपाय धुवायचे, ओटीवर चटई अंथरायची आणि साडेसातला जपमाळेची प्रार्थना सुरू करायची. वडील गेले त्या आठवड्यातही हा नेम चुकला नाही. पाहुणे आले तर त्यांनाही चटईवर बसावे लागे. आम्ही भावंडे डुलक्या घेत 'नमो मारिया' म्हणत असू आणि पेंगणाऱ्याच्या गुडघ्यावर आईची चापट बसे.

१९८९ च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. डोळे तेवढे सर्व समजत असल्यासारखे बोलत. तिला खाट वाडीच्या बाजूच्या खिडकीपाशी टाकून दिली. पहिले काही दिवस आम्ही तिच्या खाटेपाशी बसून प्रार्थना केली. मग शाळा सुटल्यावरच्या शिकवण्या सुरू झाल्या आणि घरी यायला नऊ वाजू लागले. मुलांचा अभ्यास होता, पत्नीच्या मागे आजारपणाची उस्तवार होती, दूरदर्शन संचही घरात आला होता. एक दिवस प्रार्थना राहिली, मग दोन दिवस, मग कोणी विषयच काढीनासे झाले. आमची चटई गुंडाळून कपाटामागे उभी राहिली ती राहिलीच. आईला बोलता येत नव्हते, म्हणून तिने विचारले नाही. आणि तिने विचारले नाही म्हणून आम्ही आमच्या मनाची समजूत घातली की तिची तक्रार नसावी.

चार वर्षे अशी गेली. १९९३ साली आई देवाघरी गेली. अंत्यविधीच्या वेळी चार चांगले शब्द बोलले गेले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितले की, या घरात जपमाळेची प्रार्थना एक दिवसही चुकली नाही. लोकांनी माना डोलावल्या. आम्ही मान खाली घातली. शवपेटीशेजारी उभे राहून आपल्याविषयीचे असत्य ऐकावे आणि ते दुरुस्त करण्याची सोय नसावी, ही शिक्षा लाल शाईवाल्या मास्तराला योग्यच होती.

महिन्याच्या मिस्सेसाठी स्मृतिपत्रिका छापायची होती. धाकट्या बहिणीने मजकूर लिहून आणला. त्यात एक वाक्य होते: 'तिची प्रार्थना अखंड होती.'

"हे वाक्य नको," आम्ही म्हणालो.

"का, दादा?"

"अखंड म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे ना? चार वर्षे या घरात प्रार्थना झाली नाही. वाटल्यास 'नित्य' घाल. तेही खरे नाही, पण थोडे कमी खोटे आहे."

बहीण सासरी असल्याने तिला हे ठाऊक नव्हते. ती आमच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

शेजारची मावशी तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मिस्सेच्या जेवणासाठी लसूण सोलत होती. आमच्या दोन घरांमध्ये केळीची एक रांग आणि पाण्याचा पाट, एवढेच अंतर. ती हात न थांबवता म्हणाली,

"बाबा रे, तुमच्या घरातला आवाज बंद झाला होता. तुझ्या आईची माळ बंद नव्हती."

आम्हांला काही उमगले नाही.

"साडेसातला आमची माळ सुरू व्हायची ना, तेव्हा तिचा डावा हात खिडकीत दिसायचा. हातात माळ. एक मणी आमचा, एक मणी तिचा. मी पोरांना सांगून ठेवलं होतं, मोठ्यानं म्हणा रे, पलीकडं ऐकू गेलं पाहिजे. एकदा घरी पाहुणे होते म्हणून आम्ही तीनच रहस्यं म्हणून उठलो, तर तिनं पेला घेऊन खिडकीच्या गजावर वाजवायला सुरुवात केली. राहिलेली दोन म्हणून घेतली तेव्हा कुठं थांबली."

आमच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. "पेल्याचा आवाज मी ऐकत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, पाणी हवंय."

"मावशी, तू हे कधी बोलली नाहीस," आम्ही म्हणालो.

"सांगायचं काय त्यात? शेजार कशाला असतो?"

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. लहानपणचा रहाट डोळ्यांसमोर फिरत राहिला. वीजपंप येण्यापूर्वी वाडीतील विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरे, गाडग्यांची माळ खाली जाई व वर येई. प्रत्येक गाडगे खाली भरत होते आणि वर येऊन पन्हळीत रिते होत होते. रिते होऊन पालथे तोंड करून पुन्हा काळोखात उतरत होते. कोणत्याही क्षणी पाहावे तर निम्मी गाडगी रिकामी. पण पाटातले पाणी? ते केळी आणि पानवेलींकडे एकसारखे वाहत असे. गाडगे 'कंटिन्युअल' होते. पाट 'कंटिन्युअस' होता. नववीतल्या त्या मुलीला द्यायचे उत्तर आमच्याच विहिरीवर टांगलेले होते, आणि आम्ही ते ग्रीक व्याकरणात शोधीत बसलो होतो.

हेच सूत्र ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. पाचव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपल येथे 'निद्राहीन' म्हणून ओळखले जाणारे मठवासी होते. ते खरोखरच झोपत नसत असे नव्हे. त्यांनी आपले गट पाडले होते आणि एक गट निजला की दुसरा स्तोत्रे गाण्यासाठी उभा राही. आजच्या स्वित्झर्लंडमधील आगाउनुम येथे बर्गंडीचा राजा सिगिसमुंड याने ५१५ साली मठ स्थापन केला, तेथेही रात्रंदिवस पाळीपाळीने स्तुतिगान चाले. त्याला 'लाउस पेरेनिस', म्हणजे बारमाही स्तुती, असे नाव आहे. पुढे ती प्रथा थांबली. पण मठ टिकला आणि २०१५ साली त्याला १५०० वर्षे पूर्ण झाली. अखंडता ही एका माणसाच्या छातीत मावणारी वस्तू नव्हे, एवढे त्या मठवाशांना कळले होते. एकाचा श्वास संपतो तेथे दुसऱ्याने सूर धरायचा असतो. संत पौलानेही ते पत्र एका माणसाला लिहिले नव्हते, मंडळीला लिहिले होते. उपदेशाचे क्रियापद अनेकवचनी आहे. तेहतीस वर्षे वचने आणि क्रियापदे शिकविणाऱ्या आम्हांला हे दिसू नये!

संत पर्पेतुआची आठवण येथे होते. कार्थेज येथे २०३ साली तिने रक्तसाक्ष दिली, तेव्हा ती सुमारे बावीस वर्षांची होती आणि तिच्या कडेवर तान्हे मूल होते. नावाचा अर्थ 'निरंतर टिकणारी' आणि आयुष्य बावीस वर्षांचे! पण रोमन मिस्सेच्या पहिल्या आभारप्रार्थनेत आजही तिचे नाव घेतले जाते. ती टिकली ती इतरांच्या ओठांवर.

आणि आपल्या प्रत्येक चर्चमधला तो लाल काचेचा दिवा? १९८३ च्या धर्मसंहितेतील ९४० वे कलम सांगते की, पवित्र साक्रामेंत जेथे ठेवलेले असते तेथे दिवा सतत तेवत राहिला पाहिजे. मूळ लॅटिनमधील शब्द 'पेरेनितेर', तोच बारमाहीचा. परंतु पवित्र गुरुवारच्या विधीनंतर पेटी रिकामी होते, तिचे दार उघडे राहते आणि दिवा विझविला जातो. गुड फ्रायडेला आपण त्या रिकाम्या पेटीसमोरून गुडघा न टेकता जातो, तेव्हा छातीत काहीतरी तुटते. ईस्टरच्या जागरणात दिवा पुन्हा लागतो. वर्षातून एकदा खंड पडतो आणि तरीही त्या दिव्याला कोणी खंडित म्हणत नाही. कारण तो का विझला आणि केव्हा लागणार हे सर्व मंडळीला ठाऊक असते.

आमच्या घरचा दिवा मात्र गुड फ्रायडेमुळे विझला नव्हता, आळसामुळे विझला होता. हा फरक आम्ही स्वतःपासून लपवीत नाही. मावशीच्या घरची गाडगी भरून येत होती. रिकामी येत होती ती आमची. पाट वाहत राहिला यात आमचे श्रेय काही नाही. पापनिवेदनात हे सांगितले तेव्हा धर्मगुरूंनी प्रायश्चित्त म्हणून जपमाळेचे एकच रहस्य दिले आणि ते घरी, मोठ्याने म्हणावयास सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बहिणीच्या मजकुराचा कागद घेतला. सवयीप्रमाणे लाल पेन हाती आले. 'तिची प्रार्थना अखंड होती' हे वाक्य खोडले आणि त्याखाली लिहिले: 'ती अखंड प्रार्थनेत होती.' शब्द जवळजवळ तेच; केवळ विभक्ती बदलली. बहिणीने वाचले आणि म्हणाली, "दादा, हे बरोबर आहे." आमच्या हातून झालेली ही सर्वांत समाधानाची दुरुस्ती.

त्या संध्याकाळी कपाटामागची चटई झटकून ओटीवर अंथरली. पहिल्या दिवशी चौथ्या रहस्याचा क्रम चुकला आणि नातेवाइकांसमोर लाज वाटली. मधून मधून आजही नेम चुकतो. पण चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस उगवतो आणि चटई पुन्हा अंथरली जाते. 'कंटिन्युअल'चा अर्थ एवढाच असेल तर तो आम्हांला पेलण्यासारखा आहे.

मावशी जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तिची मुले सदनिकेत राहावयास गेली, एक परदेशी आहे. केळीची रांग गेली, पाट बुजला, आणि दोन घरांच्या मध्ये नवी इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्या आमच्या ओटीच्या बाजूला उघडतात. तेथे कोण राहते हे आम्हांला नीटसे ठाऊक नाही. एखाद्या खाटेवर कोणी म्हातारे माणूस पडून असेल, नसेलही.

साडेसात वाजता आम्ही त्या बाजूची खिडकी उघडतो आणि थोड्या मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू करतो.